जुन्या दराने, हक्क राखून

अण्णामामांनी आयुष्यात नुसती सही कधी केली नाही. सहीखाली बारीक, तिरक्या अक्षरात ते 'हक्क राखून' असं लिहीत. गॅसचा सिलिंडर आला, पावतीवर सही, खाली हक्क राखून. कुरियरवाल्याने पाकीट दिलं, हक्क राखून. माझ्या लग्नाच्या नोंदणीला मामा साक्षीदार होते. तिथेही त्यांनी सवयीने तेच लिहिलं. कार्यालयातल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कसले हक्क?" मामा म्हणाले, "ते आत्ता कुठे माहीत असतं? म्हणूनच राखायचे." लग्नाला बावीस वर्षं झाली. माझी बायको अजून विचारते, तुमच्या मामांनी राखून ठेवलेलं ते नक्की काय होतं आणि ते परत करता येईल का.

मामा रत्नागिरीच्या कोर्टात वकिलाचे कारकून होते. वकील बदलले, आधी वडील, मग मुलगा, पण कारकून छत्तीस वर्षं एकच. घरमालक आणि भाडेकरू यांच्या केसी हा त्यांचा खास प्रांत. मालकाने भाडं वाढवून मागितलं की घाबरलेला भाडेकरू मामांच्या बाकड्यापाशी येई. मामा त्याला चहा पाजत आणि एकच उपाय सांगत. वाढ द्यायची नाही आणि भाडं थकवायचंही नाही. दर महिन्याला जुन्या दराने मनिऑर्डर करायची. मालक ती घेणार नाही, पोस्टमन 'नाकारली' असा शेरा मारून परत आणील. तो कागद जपून ठेवायचा. "आपण द्यायला उभे, तो घेत नाही. मग थकबाकीदार कोण? आपण नव्हे." या एका युक्तीवर शहरातली निदान चाळीस बिऱ्हाडं टिकली, असा मामांचा दावा होता. मी कधी मोजली नाहीत. पण बाजारातून मामांबरोबर चाललं की दर दहा पावलांवर कोणीतरी "अण्णा, या की," म्हणे.

त्यांना मूलबाळ नव्हतं. होतो तो मी, पतसंस्थेत नोकरीला असलेला भाचा, आणि माझ्यावर मामांचा फार भरवसा होता असंही नाही. माझं अक्षर पाहून ते म्हणत, "विनू, तू डॉक्टर व्हायला हवा होतास. बाकी गुण नाहीत, पण अक्षर आहे."

मामी पूर्णगडच्या. उंच, शांत, हिशेबाला पक्क्या. मामांना जगातली सगळी कलमं पाठ, पण स्वतःचा फोन नंबर पाठ होईना. मोबाईल घेतला तेव्हा मामींनीच तो पाठ केला, पाढ्यासारखा, दोन-दोन आकड्यांच्या चालीवर, शेवटच्या 'सत्तेचाळीस'वर किंचित थांबून. कोणी नंबर विचारला की मामा मामींकडे बघत आणि मामी म्हणत. पुढे मामींचं एकेक विसरायला लागलं. आधी मीठ, मग वार, मग मी. मला त्या "पोस्टातून आलात का?" असं विचारायच्या. पण नंबर गेला नाही. सगळं घर रिकामं झाल्यावर भिंतीवर एक खुंटी राहावी तसा तो राहिला.

आणि त्या खुंटीवर सगळं टांगलेलं होतं. कारण मामी निघून जायच्या. दार उघडं दिसलं की पायात चपला घालून थेट एसटी स्टँड, आणि पूर्णगडची गाडी. माहेरी आता कोणी नव्हतं, पण ते त्यांना कोण सांगणार? मग वाटेत पावस गावात, नाहीतर गाडीतच, कोणीतरी विचारी, आजी कुठल्या? मामी उत्तरादाखल नंबर म्हणत. तासा-दीड तासात मामांचा फोन वाजे. मामा "हॅलो" म्हणतच नसत. अनोळखी नंबर दिसला की पहिला प्रश्न, "कुठे आहेत त्या?" मग रिक्षा करून आणायला जात. येताना दोघं शहाळं पिऊन येत, जसे काही फिरायलाच गेले होते.

मी एकदा शहाणपणा केला. पत्ता आणि माझा नंबर कोरलेली एक पट्टी साखळीत अडकवून आणली. मामींनी ती दोन दिवस घातली. तिसऱ्या दिवशी कुठूनशी शुद्ध आल्यासारख्या म्हणाल्या, "वासराच्या गळ्यात बांधतात तसं मला काय बांधलंत?" मामांनी त्याच क्षणी ती काढली. दाराला कुलूप घाला म्हटलं तर माझ्यावर डाफरले, "ती काय मुद्देमाल आहे, कुलपात ठेवायला? तिला नंबर येतोय ना? मग झालं."

तेव्हा नंबर महत्त्वाचा. म्हणूनच मामांनी मोबाईल कंपनीची दोन वर्षांची योजना घेतली, दर महिन्याला बिल येणारी, मध्येच रिचार्ज संपायची भानगड नको म्हणून. मारुती मंदिराजवळच्या दुकानात बसून त्यांनी कागद तीनदा वाचला. 'चोवीस महिने भाड्यात बदल होणार नाही' या ओळीखाली दुकानाचा शिक्का मारून घेतला आणि सही केली. खाली काय लिहिलं ते सांगायला नको.

नवव्या महिन्यात संदेश आला. 'आपल्या सोयीसाठी आपली योजना सुधारण्यात आली आहे.' सुधारणा महिना साठ रुपयांची होती. मामा कागद घेऊन दुकानात गेले. दुकानदार हात जोडून म्हणाला, "अण्णा, दर कंपनी ठरवते." मामा म्हणाले, "मग शिक्का कशाला मारलात?" तो म्हणाला, "तुम्ही मागितलात म्हणून मारला हो." छत्तीस वर्षांत इतका प्रामाणिक साक्षीदार आपण पाहिला नव्हता, असं मामा नंतर कौतुकाने सांगत.

खरं सांगायचं तर मामांना तरतरी आली. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांच्या हाती केस होती. नवी फाईल झाली, तिला लाल फीत बांधली गेली. ग्राहक सेवेला फोन सुरू झाले. मराठीसाठी तीन दाबा म्हणून यंत्र सांगे, मामा तीन दाबत आणि पलीकडून हिंदी येई. मामा कोर्टातली हिंदी काढत, "बेटी, आपने जो बोला वो लेखी में दो." लेखी काही मिळत नसे. मामा फाईलवर नोंद करत. एका नोंदीत लिहिलं होतं, 'आज चौथी मुलगी. चौघीही गोड बोलल्या. उत्तर एकीनेही दिले नाही.' बदलाचा अधिकार कंपनीकडे आहे आणि तो संकेतस्थळावरच्या अटींत आहे, एवढंच शेवटी कळलं. मामा म्हणाले, "म्हणजे हिचे हक्क हिने आधीच राखलेत. बाई आपल्यातली दिसते."

पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मामा मराठीत सांगत आणि मी त्याचं इंग्रजी करी. मामांच्या मराठीत जरब असे. माझ्या इंग्रजीत पोचेपर्यंत ती वाटेत सांडे. 'आपण केलेला विश्वासघात' याचं माझ्या हातून 'आम्हाला झालेली गैरसोय' होऊन जाई. मी मान खाली घालून टाइप करी आणि मामा विचारत, "जोरदार आहे ना?" मी म्हणे, "जोरदार आहे."

आणि मग मामांनी ती युक्ती काढली. बिल वाढीव दराने आलं, मामांनी ते भरलं नाही. जुन्या दराने कंपनीच्या मुंबईच्या कार्यालयाच्या नावे मनिऑर्डर केली. पोस्टातल्या खिडकीवरची बाई म्हणाली, "अण्णा, मोबाईलचं बिल मनिऑर्डरने कोणी भरतं का?" मामा म्हणाले, "भरत नाहीये. देऊ करतोय." खालच्या संदेशाच्या जागेत लिहिलं, 'जुन्या दराने, हक्क राखून.' तीन आठवड्यांनी पैसे परत आले. शेरा होता, 'नाकारली.' त्या दिवशी मामांनी मला बोलावून आंबोळ्या खायला घातल्या. "नाकारली! आता आपल्याला हात लावायची कोणाची टाप नाही."

घरमालक माणूस असतो, तो दारात येऊन भांडतो, कोर्टात उभा राहतो. यंत्राला यातलं काही करावं लागत नाही, हे मामांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी रोज पतसंस्थेत संगणकासमोर बसतो, थकबाकीची यादी आपोआप कशी तयार होते ते बघतो. पण मी आंबोळ्या खाल्ल्या.

दुसरी मनिऑर्डर परत आली, तिसरी परत आली. मग मामांच्या फोनवरून बाहेर फोन लागेनासे झाले. मामा म्हणाले, "मला कुठे कोणाला करायचेत? येणारे येतात ना?" मी म्हटलं, मामा, साठ रुपयांचा प्रश्न आहे, मी भरतो. ते एकदम ताठ बसले. "भरलंस की मान्य केलंस. केस तिथे संपली." मग कंपनी बदलू या, नंबर तोच राहतो, असं सुचवलं. एक तर थकबाकी असताना तेही होत नव्हतं, आणि मामांना ते ताबा सोडून पळाल्यासारखं वाटलं. मी घरी येऊन दोनदा मोबाईलवर ते बिल उघडलं. रक्कम टाकली, बटण दाबायचं तेवढं राहिलं. दाबलं असतं तर मामांना कळलं असतं आणि त्यांच्या केसीतला कारकून म्हणून मला आलेला नवा मान गेला असता. पन्नाशीच्या माणसाने सांगू नये असं हे कारण आहे, पण तेच होतं.

गणपती जाऊन आठवडा झाला असेल. सकाळी दहाच्या सुमारास मामी निघून गेल्या. मामांच्या साडेदहाला लक्षात आलं. त्यांनी नेहमीची तयारी केली. सदरा घातला, चपला घातल्या, छत्री घेतली आणि फोन समोर ठेवून खुर्चीत बसले. उगाच भलत्या दिशेला जाण्यात अर्थ नसतो, फोन येतोच, हा इतक्या दिवसांचा अनुभव. बारा वाजले, दोन वाजले. शेजाऱ्यांना सांगितलं नाही, कारण कोणत्याही क्षणी वाजेल. पाच वाजता मी एका पत्रावर सही घ्यायला गेलो, तेव्हा ते चपला घालून तसेच बसले होते. म्हणाले, "आज उशीर लागतोय."

मी त्यांच्या समोर उभा राहून माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. माझ्या फोनमधून बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, आपण लावलेला क्रमांक सध्या सेवेत नाही. मामांचा फोन टेबलावर होता. त्याच्यावर वेळ दिसत होती, तारीख दिसत होती, बॅटरी पूर्ण भरलेली होती. मामांनी तो उचलून कानाला लावला. काही वेळ तसाच धरून ठेवला.

मी स्कूटर घेऊन स्टँडवर गेलो. कंट्रोलरना पूर्णगडच्या गाडीच्या कंडक्टरचा नुकताच निरोप आला होता, अण्णांच्या घरच्या बाई इथे पूर्णगडात आहेत. आम्ही रिक्षाने पोचलो तेव्हा मामी एका घराच्या ओटीवर चटईवर बसल्या होत्या, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. घर हमीदाबीचं, नवरा मासेमारीला गेलेला. दुपारी बंद माहेरच्या पायरीवर भिजत बसलेल्या मामींना तिने हात धरून आणलं होतं, पेज पाजली होती. ती मामांना सांगत होती, "आजी नंबर झरझर बोलल्या. मी लावला, बंद. शेजारणीने लावला, बंद. मग मी बोलले, आजी, चुकतोय तुमचा नंबर, नीट आठवा बघू." तिने काही वाईट केलं नव्हतं. दिवसभरात मामींना भेटलेल्या प्रत्येकाने हेच सांगितलं असणार.

परतताना मामी रिक्षात पुटपुटत होत्या. नंबरच होता, पण शेवटी 'सत्तेचाळीस' म्हणून थांबल्या, मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर?" मग, "सदुसष्ट?" मामा म्हणाले, "सत्तेचाळीसच. बरोबर होतं तुझं." मामींनी नकारार्थी मान हलवली. आपण चुकलो हे त्यांना इतक्या लोकांनी सांगितलं होतं, एकट्या मामांचं कोण ऐकणार?

त्याच रात्री मी सगळं बिल भरलं. सकाळी फोन चालू झाला. मामा रोज दुपारी मामींना समोर बसवून पहिले आठ आकडे म्हणत आणि थांबत. मामी पुढचे दोन दर वेळी नवे सांगत. महिन्याभरात पहिले आठही गेले.

दिवाळीनंतर कंपनीचं पत्र आलं. आमच्या तक्रारीचा वरच्या पातळीवर विचार होऊन, सद्भावना म्हणून, जुना दर मुदतीपर्यंत कायम करण्यात येत होता. वाढीव घेतलेले पैसे परत मिळणार होते. मी ते मामांना वाचून दाखवलं. मामी शेजारी वाल सोलत होत्या, सालं आणि डाळिंब्या एकाच वाडग्यात टाकत होत्या. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, "फायलीला लाव." लाल फीत मला बांधायला सांगितली.

दोन वर्षं संपली तेव्हा नवा दर आला, आधीच्या वाढीहून मोठा. मी भीत भीत बँकेचा फॉर्म घेऊन गेलो. कंपनी सांगेल ती रक्कम दरमहा खात्यातून परस्पर कापायची संमती. एरवी मामांनी तो माझ्या अंगावर फेकला असता. त्यांनी तो वाचलाही नाही. एवढंच विचारलं, "मग बंद पडणार नाही ना कधी?" मी नाही म्हटलं. मामी तेव्हा बोलायच्याही थांबल्या होत्या, खिडकीशी बसून असत.

मामांनी सही केली आणि पेनाचं टोपण लावलं. मी कागद घेतला नाही, थांबलो. म्हटलं, "मामा, खाली राहिलं."

"काय?"

"हक्क राखून."

मामांनी खिडकीकडे पाहिलं. "कसले?" म्हणाले, आणि फोन चार्जिंगला लावायला उठले.