धन्याचं लुगडं

इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. इंदापूरकडच्या वस्तीवर नवी नवरी असताना माझा पाय मुरगळला आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. धनी घागर उचलून म्हणाले, "मी आणतो."

पण त्यांच्या मर्दपणाची राखण माझ्याकडं होती ना! "गडी माणसानं पाणी भरलं तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल," म्हणून मी रडायलाच बसले. तोडगाही मीच काढला. धोतराला कासोटा, लुगड्यालाही कासोटा, मग कळतंय कुणाला? माझं हिरवं लुगडं त्यांना नेसवलं आणि पदर नाकापर्यंत ओढून दिला.

विहिरीवर नेमक्या चुलत सासूबाई होत्या. घागर धन्यांच्या डोक्यावर चढवायला हात देत त्या म्हणाल्या, "सूनबाई, चाल झ्याक हाय. मिशी तेवढी पदरात घे."

धनी घरी आले ते चिंब भिजून. म्हणाले, "उद्यापास्नं धोतरावरच जातो. मिशी झाकण्यात एक हात गुंततो, निम्मं पाणी सांडलं बघ."

आणि खरंच गेले, रोज. मी मात्र लुगडं भिजवलं म्हणून दिवसभर फुगून बसले होते.