समोरच्या भिंतीवरची पाल

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसलो होतो. शेजारी सातेक वर्षांची मुलगी आणि तिची आई. मुलीचा नंबर मायनस सोळा, पण चष्मा तिला चेहऱ्यावर सहनच व्हायचा नाही. "किती चष्मे भिरकावले हिनं," आई सांगत होती. शेवटी गेल्या महिन्यात ऑपरेशन करून डोळ्यांच्या आतच भिंग बसवलं. आज तपासणी होती.

ही पोर आजवर सगळं नाकाशी नेऊन पाहायची. बिस्कीट, बाहुली, आईचा चेहरासुद्धा. मला वाटलं, केवढं असेल हिचं जग? वीतभर. त्यापलीकडचं सगळं दुसऱ्यांनी सांगायचं आणि हिनं मानायचं.

इतक्यात तिनं समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "आई, पाल."

सफाईच्या मावशींनी लगेच झाडू उगारला. "राहू द्या, मावशी," आई घाईनं म्हणाली. "एरवी मीच पळते पालीला बघून. पण ही माझ्या लेकीला इथून दिसली."

आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. थेंबांमुळे मला नुसतीच पांढरी भिंत दिसत होती.

"कुठे गं?" मी विचारलं.

"ट्यूबलाइटच्या खाली," ती म्हणाली. "शेपूट हलवतेय बघा."