स्कारगिल आर्केडचं फाटक

लीड्समधल्या स्कारगिल आर्केडला वर्षातून एकदाच कुलूप लागायचं, नाताळच्या दिवशी. एरवी दोन रस्ते जोडणारी ती काचेच्या छपराखालची दुकानगल्ली रात्रंदिवस उघडी. मात्र वीस वर्षं लोक विनाअडथळा चालत राहिले, तर वाट कायद्यानं त्यांची होते. म्हणून मालक एक दिवस फाटक लावून, वाट माझी आहे, असं बजावून ठेवायचे.

ते कुलूप हेस्टर ब्रॅम्हॉलच्या हाती होतं.

तिच्याआधी तिचा बाप एमस त्या आर्केडचा राखणदार होता. जुन्या राणीच्या काळातलं बांधकाम, बिडाच्या नाजूक कमानी आणि त्यांवर काचा. गिरण्यांच्या धुरानं काचा काळ्या व्हायच्या; त्या पुसायला एमस छपरावर चढायचा. मालक लम्लींची कचेरी आर्केडमध्येच होती; त्यांच्याकडे त्यानं पायाखाली टाकायला फळ्या मागितल्या.

"तुझं वजन ते काय! काच पेलेल तुला," लम्ली हसले.

काचेनं पेललं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी एमस हातमोज्यांच्या दुकानासमोर, रंगीत फरशीवर येऊन पडला. दफन झालं आणि आठवड्याच्या आत लम्लींनी सज्ज्यावरच्या, बापलेकीच्या दोन खोल्या रिकाम्या करवल्या.

महिन्याभरानं हेस्टरनं बापाचीच नोकरी मागितली. मी तिथंच टोप्यांच्या दुकानात होते.

"लाज नाही वाटत गं?" मी विचारलं.

"वाटते. पण किल्ली मिळते ना," ती म्हणाली.

त्या नाताळला लम्ली गावाकडच्या घरी नाताळचा भाजलेला हंस खात बसले होते. हेस्टर आर्केडमध्ये आली, तिनं फाटकांकडे पाहिलं आणि ती परत गेली. प्रार्थनेला निघालेली म्हातारी मिसेस ऑडस्ली बिचकत थांबली.

"आज उघडं कसं, पोरी?"

"मला काय विचारता? फाटकाला विचारा."

पुढच्या नाताळांना कुणी विचारेनासं झालं. सगळी मंडळी आतूनच जाऊ लागली. आर्केडमध्ये शिट्टी वाजवायला बंदी होती; ती मोडणाऱ्याला मात्र हेस्टर नियमाप्रमाणे झापायची. लम्ली तिच्यावर खूश होते.

चोवीस वर्षांनी, एकोणीसशे बासष्ट साली, त्यांनी आर्केड विकायला काढलं. घेणारा ते पाडून मोटारतळ बांधणार होता. वाट आमची आहे, असा लोकांनी दावा लावला. सुनावणीत लम्ली ऐटीत म्हणाले, "दर नाताळला फाटक बंद असतं. विचारा आमच्या हेस्टरला."

हेस्टर उभी राहिली. नवा कोट, केस घट्ट बांधलेले.

"एकदाही लावलं नाही," ती म्हणाली.

मागून मिसेस ऑडस्लीचा लेक ओरडला, "मी दर नाताळला तिथूनच गेलोय, साहेब!" त्याच्यामागून आणखी माणसं उठली. वाट लोकांची ठरली. घेणाऱ्यानं अंग काढून घेतलं.

लम्लींनी तिला दारात गाठलं. चेहरा पांढराफटक.

"पगार खाल्लास माझा! मी काय वाकडं केलं होतं तुझं?"

"एमस ब्रॅम्हॉल," ती म्हणाली.

लम्लींनी विचारलं, "कोण एमस?"

हेस्टरचा हात कोटाच्या गुंडीवर थबकला. त्यांना नाव आठवणार नाही, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. मला वाटलं, ही आता रडेल.

ती एक पाऊल पुढे गेली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आर्केड आता काही विकलं जात नाही. रोज त्याच काचांखालून जायचंय तुम्हाला. वर बघत जा. आठवेल."