संपतचं धोतर आणि उत्तरेचा वारा

गाडी जितकी हळू, तितके किस्से जास्त. अचलपूर-मूर्तिजापूरच्या आमच्या छोट्या लायनीवर गाडी येऊन गेली की बाकीचा दिवस गप्पांना मोकळा! साठ सालाच्या आगेमागे मी तिथे लायनीच्या इन्स्पेक्टरांचा कारकून होतो. साहेब रूळ तपासायला ट्रॉलीवर निघाले की मी वही घेऊन शेजारी बसायचो, आणि चार ट्रॉलीमन मागून ढकलत पळायचे. समुद्र आमच्यापासून तीनशे मैलांवर. तरी मी शिडाने प्रवास केलेला माणूस आहे, हे कुठल्याही कोकण्याला मी तोंडावर सांगतो.

* * *

सुरुवात संपतने केली. ट्रॉलीमन होण्याआधी तो लोकांच्या खळ्यांवर ज्वारी उपणायचा, त्यामुळे वाऱ्याशी त्याची जुनी ओळख. थंडीचे दिवस होते, उत्तरेचा वारा सुटला होता आणि आम्ही दक्षिणेकडे चाललो होतो. म्हाताऱ्या साहेबांनी छत्री उघडली आणि ट्रॉली आपोआप थोडी पुढे सरकली. संपतने ते पाहिलं. त्याने धोतर सोडलं, आत खाकी हाफपँट होतीच, आणि ते दोन बांबूंना ताणून बांधलं. साहेबांनी विचारलं, हे काय?

"मी काहून पळू, साहेब? वारा रिकामाच फिरून राहिला ना."

साहेबांना ते पटलं. थोड्या वेळाने त्यांना झोपही लागली.

* * *

दर्यापूरजवळच्या एका गावात एका म्हातारीने आमचं पांढरं शीड लांबून पाहिलं. एवढ्या पताकेनिशी येतोय म्हणजे कुठला तरी देवच असणार, असं तिने धरलं आणि रुळाकडेला नारळ वाढवला. आम्ही थांबून प्रसाद घेतला. नाही कसं म्हणायचं?

* * *

एकदा मात्र वारा जोरात आला आणि ट्रॉली वारा प्यायलेल्या वासरासारखी उधळली. स्टेशन आलं. मी ब्रेक दाबून धरला, पण ट्रॉली ऐकेना. संपतने शिडाला निरगाठी मारल्या होत्या, त्या सुटेनात. स्टेशनमास्तर लाल बावटा दाखवत राहिले आणि आम्ही त्यांच्यासमोरून निघून गेलो. अर्ध्या मैलावरून ढकलत परत आलो, तेव्हा ते अजून बावटा धरूनच उभे होते.

"वाऱ्याले लाल बावटा समजत नाई, मास्तर," संपत म्हणाला.

* * *

मग म्हातारे साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी केळुसकर साहेब आले. वेंगुर्ल्याकडचे, अबोल, शिस्तीचे. ही हकिगत त्यांच्या कानावर गेली आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसच्या भिंतीवर त्यांच्या हातचा कागद लागला: 'ट्रॉलीवर कुणीही शीड लावू नये.' संपतला वेगळं सांगितलं, पुन्हा लावलंस तर नोकरी गेली. त्याच्या घरात पगार आणणारा तो पहिलाच माणूस. तो पुन्हा मागून ढकलत पळू लागला, पण आम्ही साहेबांच्या पाठीमागे हसलो. समुद्रकाठचा माणूस, आणि धोतराला भितो!

एकदा चहाच्या वेळी मी साहेबांना विचारलंच. ते म्हणाले, "माझे वडील गलबतावर तांडेल होते. वादळात शीड उतरलं नाही. उभारता सगळ्यांना येतं हो."

त्यानंतर मी हसलो नाही.

* * *

त्याच वर्षी पौषात आम्ही दर्यापुरात असताना साहेबांना तार आली: आई अत्यवस्थ. मुंबईची मेल मूर्तिजापूरला अडीच तासांनी होती, आणि आमची छोटी गाडी सकाळीच गेलेली. वीस मैल ढकलत जायचं तर चार तास कुठे गेले नाहीत. मेल चुकली तर उद्याची, आणि पुढे वेंगुर्ल्यापर्यंतचा प्रवास. साहेब ट्रॉलीजवळ नुसते उभे राहिले. उत्तरेचा वारा त्यांचा कोट फडफडवत होता. संपतच्या ते कधीच लक्षात आलं होतं, पण तो जमिनीकडे पाहत राहिला.

"संपत," साहेब म्हणाले, "धोतर सोड."

"साहेब, माही नौकरी..."

"सोड म्हणतो ना."

बांबू साहेबांनी स्वतः रोवले. निरगाठ एकही नाही, सगळ्या सुरगाठी. दोरी शेवटपर्यंत स्वतःच्या हातात ठेवली. वाटेत वारा फिरला की दोरी किंचित ढिली करायचे, पुन्हा ओढायचे. मूर्तिजापूरचा सिग्नल दिसताच त्यांनी एक हिसका दिला, शीड खाली आलं, आणि ट्रॉली प्लॅटफॉर्मला अलगद टेकली. मेल उभी होती. साहेब धावत चढले. संपतचं धोतर त्यांच्या काखेतच राहिलं, आणि संपत भर जंक्शनवर हाफपँटीत!

महिन्याने साहेब परतले. आई भेटली, दोन दिवस तिच्याजवळ बसायला मिळालं, एवढंच म्हणाले. धोतर धुऊन, इस्त्री करून आणलं होतं, ते त्यांनी संपतच्या हातात दिलं. मग भिंतीवरच्या कागदाजवळ गेले. आम्हाला वाटलं, फाडणार. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि 'ट्रॉलीवर कुणीही शीड लावू नये' याच्या खाली लिहिलं:

'उतरवायला शिकल्याशिवाय.'