शेवंतीवहिनीची उसण

माझा सहदेवदादा पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, हे आमच्या कोकणात शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे घाटकोपरच्या आमच्या चाळीत दर रविवारी सकाळी दादाच्या दाराशी ही रांग! पार साकीनाक्याहून लोक यायचे. दादा डावा पाय हलकेच तीनदा लावायचा. कुणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. आणि मिरवायचं कोण? मी, त्याची बहीण.

चोपन्न साली शेवंतीवहिनीची पाठ धरली. दादानं आपल्या बायकोला पाय लावला. ती म्हणाली, "बरं वाटलं हो." पुढच्या रविवारी पुन्हा पाय, पुन्हा बरं वाटलं. असे आठ महिने गेले. बाई वाळत चालली होती, संध्याकाळी अंग कसकसायचं. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, कालच पाय लावलाय त्यांनी." आणि मी मूर्ख, मान डोलवायची!

एक दिवस नळावर तिचे पाय लटपटले. खाली बसली ती उठेचना. तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी तिचं रक्त काढून बारीक काचेच्या नळीत भरलं आणि नळी उभी ठेवली. तासाभरात लाल रक्त कितीतरी खाली बसलं, वर नुसतं पिवळं पाणी. "साध्या उसणीत रक्त इतक्या भराभर बसत नाही," ते म्हणाले. मग पाठीचा फोटो काढला. मणक्यांना क्षय झाला होता.

"आठ महिने काय करत होतात?" डॉक्टर दादावर डाफरले. दादा आपल्या पायाकडे बघत उभा राहिला. मला डॉक्टरांचा असा संताप आला! खरं तर स्वतःचाच आला होता.

इंजेक्शनं झाली, प्लास्टर झालं. जीव वाचला, पण वहिनीच्या पायांतलं बळ गेलं ते परत आलंच नाही. घरी आणल्यावर दादानं विचारलं, "शेवंते, खरं सांग. एकदा तरी बरं वाटलं होतं का गं?"

"नाही हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बाहेर रांग असायची. घरच्याच बाईला गुण नाही म्हटल्यावर लोक तुम्हाला काय म्हणाले असते?"

दादा तिच्या उशाशी बसून लहान मुलासारखा रडला. मीही रडले.

पुढच्या रविवारी चाळीतलाच काशीराम कमरेवर हात ठेवून दारात आला. दादा म्हणाला, "आधी रक्त तपासून घे. मी पाय लावणार नाही."

"अरे असं काय करतोस? लाव ना यार!"

दादा दार लोटायला लागला. तोच आतून, अंथरुणावरून वहिनीचा आवाज आला, "लावा हो त्याला. तुमच्या पायाला गुण आहे."