हक्कसोडपत्र आणि राखी

हिंगोलीच्या कोर्टात आम्ही म्हातारे वकील एका तरुण वकीलबाईला 'चौकशीबाई' म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. वकिलीआधी ती समाजकार्य शिकलेली. पक्षकार आला की कागद बाजूला ठेवून ती आधी त्याच्या घरी जायची, भुईवर बसून चहा घ्यायची आणि गप्प बसलेल्या माणसाला विचारायची, "तुमचं काय म्हणणं हाय?"

"ही वकिली करून राहिली की सोयरीक जुळवून राहिली?" असं मी म्हणालो की सगळी बाररूम हसायची.

मग ती माझ्याच घरी आली. जवळा बाजारला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, तिच्यामार्फत शेतातला हिस्सा मागितला होता. हिस्सा सोडल्याचं, आक्काच्या सहीचं हक्कसोडपत्र मी पुढे केलं. माझी उभी वकिली त्यात ओतली होती. तिनं ते उघडलंसुद्धा नाही.

"काका, सही केली त्या दिवशी आक्का कशाला आल्या होत्या?"

"राखी बांधायला."

"मग बांधली कधी?"

मी बायकोकडे पाहिलं. तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. बसस्टँडवरून आक्काला मी थेट रजिस्ट्री कार्यालयात नेलं होतं. सही झाल्यावर परतीची बस लागलेलीच होती. राखी तिनं खिडकीतून माझ्या हातावर ठेवली.

आक्काचा हिस्सा मी लिहून दिला. इतका साधा मसुदा मी आयुष्यात केला नव्हता.

यंदा राखीला मी जवळा बाजारला जाणार आहे. चौकशीबाईनं बजावलंय, "काका, सोबत पेन नेऊ नका."