मत असेल तर खराटा घ्या

विचार या गोष्टीचा आमच्या मामांइतका कट्टर वैरी अख्ख्या बारामती तालुक्यात सापडायचा नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आत्याला वडगाव निंबाळकरला, आमच्याच गावात दिलेली, त्यामुळे त्यांचं घर आमच्यापासून चार गोठे सोडून. त्यांच्यासमोर कुणी 'माझं असं मत आहे' म्हणालं, की मामा आजूबाजूला काहीतरी शोधू लागतात. खराटा, पाटी, पाइपाचं टोक, जे सापडेल ते त्या माणसाच्या हातात जातं. ग्रामस्वच्छतेवर पाऊण तास बोललेल्या एका पाहुण्याला त्यांनी भर चौकात खराटा दिला. "सायेब, समदं पटलं. हितनं सुरू करा." पाहुण्यांनी फोटोपुरतं झाडलं, तर म्हणाले, "फोटोच्या भाईरचंबी घ्या की!" मी बारामतीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो, तेव्हा माझी गत विचारूच नका. आत्या भाकऱ्या थापत असताना मी एकदा स्त्री-पुरुष समानतेवर बोलत होतो. मामांनी पिठाची परात माझ्यापुढं सरकवली. त्या दिवशी घरच्यांनी भातावर भागवलं.

खुद्द मामांची मतं मात्र कानांवर हात ठेवावेत अशी. "पोरींनी लई शिकू न्हाय, डोक्यावर बसत्यात," हे ते आजही ठासून सांगतात. पण सुनेला नर्सिंगला प्रवेश मिळाल्यावर तिला रोज मोटारसायकलवरून बारामतीला कोण सोडत होतं? परीक्षेच्या दिवसांत तर कॉलेजच्या फाटकाबाहेर, तिची पिशवी मांडीवर घेऊन, शेजारच्या माणसाला हेच मत ऐकवत मामा बसलेले असत.

माझे वडील एका पहाटे गेले. मामा स्मशानात आले नाहीत. सख्खा मेहुणा, पण खांदा द्यायलाही नाही. तिथं रीतीप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं झाली. सातजण बोलले, आठवा मी. वडिलांच्या गाईंवरच्या मायेबद्दल मी असं बोललो की माणसं डोळे पुसू लागली. मनात मात्र ठरवत होतो, मामांशी पुन्हा बोलायचं नाही. दुपारी घरी आलो तर मामा आमच्या गोठ्यात. पाचही गाईंच्या धारा काढून झालेल्या, शेण भरलेलं, दूध डेअरीला पोचलेलं. पहाटेपासून त्या गाई तटतटलेल्या कासेनं हंबरत होत्या आणि आम्हा कुणालाच ते ऐकू आलं नव्हतं. "जनावराला कसलं सुतक?" एवढं बोलून ते वैरण टाकायला वळले. मला माझ्या भाषणाची लाज वाटली. पुढं महिनाभर ते दोन्ही वेळा येत राहिले, पण वडिलांबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द आला नाही.

यंदा मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा-सून नोकरीनिमित्त पुण्यात, त्यामुळे सगळा गोठा एकट्या आत्याच्या गळ्यात. भेटायला जावं, असा विचार मी आठवडाभर केला आणि मग एकदाचा गेलो. मामा गोठ्याकडं तोंड करून खाटेवर पडलेले. त्यांना सांगायचं पुष्कळ होतं, पण न बोलता बादली उचलली. गाईनं दोन लाथा घातल्या. एकीची धार काढायला अर्धा तास लागला, आणि बादलीपेक्षा माझ्या पँटीवरच दूध जास्त. मामा टक लावून बघत होते. आता आपली चांगलीच खिल्ली उडवणार म्हणून मी मान खाली घातली. खाटेवरून आवाज आला.

"तुझा बापबी पयल्यांदा असाच काढायचा. म्याच शिकिवलं त्याला."